काळ्या कातडीचे पिल्लू सिल्कीचे की कडकनाथचे?

प्रश्न: परसातील कळपासाठी सिल्की (मऊ, रेशमी पिसांची कोंबडीची जात) म्हणून घेतलेल्या पिल्लांपैकी काहींची कातडी काळी आहे, परंतु पंखांवर साधी पिसे फुटू लागली आहेत. ती कडकनाथ असतील का? नर-मादी केव्हा ओळखता येतील?

प्रतिसाद १: कातडीवरून निर्णय करू नये, कारण ती दोन्ही जातींत काळीच असते. पायांची बोटे मोजा: सिल्कीला पाच आणि मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला चार असतात. रेशमी पिसांचा गुण अप्रभावी असल्यामुळे तो आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून पाच बोटे, काळी कातडी आणि साधी पिसे एकत्र दिसली, तर पिल्लू बहुधा संकरित समजावे. पायांवरील पिसेही पाहावीत. सिल्कीच्या पायांवर ती असतात, कडकनाथचे पाय उघडे असतात.

प्रतिसाद २: नर-मादीची घाई करू नका. सिल्कीत हा भेद पाच-सहा महिन्यांपर्यंत स्पष्ट होत नाही. पुढे नराच्या डोक्यावर मागे झुकलेली लांब पिसे दिसतात, तर मादीचा झुबका गोल राहतो.

मला अधिक काळजी पावसाळ्याची वाटते. सिल्कीची रेशमी पिसे पाणी झटकत नाहीत आणि चिंब झालेले पिल्लू गारठून दगावू शकते, त्यामुळे खुराड्यात कोरडा भुसा हवाच. त्यांना उडता येत नसल्याने बसण्याची दांडी अगदी खाली लावा आणि मोठ्या, आक्रमक कोंबड्यांपासून त्यांना वेगळे ठेवा. मादी वारंवार खुडूक बसते. तिच्याखाली इतर कोंबड्यांची अंडीही निर्धास्तपणे उबवता येतात.