बंदूक असताना लाथ कशाला? मार्शल आर्टवाल्या गुन्हेगारीपटाची खरी मजा कशात असते?

रातवा (धागाकर्ता)

गुन्हेगारीपट आणि मार्शल आर्ट यांची पत्रिका मुळातच जुळत नाही. टोळीकडे पैसा आहे, माणसं आहेत, हत्यारं आहेत. मग रिकाम्या हाताने चालत आलेल्या एकट्या माणसाला लांबूनच गोळी घालायला काय होतं? जुन्या काळातल्या कुंगफूपटांना हा प्रश्न पडत नव्हता, जमानाच तलवारीचा होता. पण गोष्ट आजच्या शहरात आणली, त्यात पोलीस, ड्रग्ज, खबरी आले, की बंदूक आपोआप येते. माझं म्हणणं असं, की जो सिनेमा या प्रश्नाला नीट उत्तर देतो तोच मजा देतो. बाकीच्यांनी कितीही हातपाय नाचवले तरी अर्ध्या तासात माझा हात मोबाइलकडे जातो.

१९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस ली स्वतःच विचारतो, की कुणीतरी पिस्तूल काढून विषय संपवत का नाही? उत्तर मिळतं, की बेटाच्या मालकाला स्वतःच्याच खुनाची धास्ती आहे, म्हणून तिथे बंदुकांना बंदी. एका संवादात काम झालं. चालतंय.

पण माझ्या मते सगळ्यात भारी उत्तर २०११ च्या 'द रेड'मध्ये आहे. इंडोनेशियाचा सिनेमा, दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स वेल्सचा, लढण्याची पद्धत पेंचाक सिलाट, गोष्ट गुंडांच्या इमारतीवर पडलेल्या पोलिसी धाडीची. (पुढे रसभंग आहे. पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) त्यात मॅड डॉग नावाचा गुंड पोलिसांच्या सार्जंटला पिस्तुलाच्या धाकावर एका खोलीत नेतो, दार लावतो आणि पिस्तूल बाजूला ठेवतो. चाप ओढण्यात त्याला मजा वाटत नाही. त्याला हाताने मारायचंय. हे ऐकून आपल्याला हसू येतं आणि घामही फुटतो. पुढे हाच माणूस नायकाच्या भावाला साखळीला टांगून बडवतो, नायक आल्यावर त्याला स्वतः खाली सोडतो आणि दोघांशी एकदम लढतो. तीच खुमखुमी त्याचा जीव घेते. म्हणजे 'गोळी का घातली नाही' याचं उत्तर पटकथेतली पळवाट नाही, तो त्या माणसाचा स्वभाव आहे. याला म्हणतात थ्रिलर.

तुम्हाला काय वाटतं?

धोबीपछाड

मला वाटतं तुम्ही फार विचार करता राव.

'द रेड' मी सहा वेळा पाहिलाय. सहाही वेळा हातापायांसाठी. मॅड डॉगने पिस्तूल का ठेवलं, यावर निबंध लिहावा असं एकदाही वाटलं नाही. ठेवलं, बरं झालं, आता बघू या. नाचाच्या कार्यक्रमाला जाऊन 'ही बाई मुळात का नाचतेय?' असं कुणी विचारतं का?

थायलंडच्या टोनी जाचा 'टॉम यम गूंग' घ्या, २००५ चा. कथा काय, तर याचे हत्ती चोरीला गेलेत. संपली कथा. आणि त्यात तो एका हॉटेलात शिरतो आणि मजल्यामागून मजले चढत जातो. वाटेत माणसं कठड्यावरून खाली पडतायत, लाकडी सामानाचा भुगा होतोय, आणि सुमारे चार मिनिटं कॅमेरा एकदाही कापलेला नाही. एक पाऊल चुकलं की सगळं पहिल्यापासून. शेवटी शेवटी तो खरोखर धापा टाकताना दिसतो. हा जो श्वास आहे ना, तो कुठल्याही पटकथेतून येत नाही. गोष्ट ही नुसती खुंटी आहे, सदरा टांगण्यापुरती. खुंटीवर नक्षीकाम असलं तर छान, नसलं तरी सदरा तोच.

सांजसावली

धोबीपछाड, खुंटी भक्कम नसेल तर सदरा खाली पडतो त्याचं काय?

मला मारामारी फारशी आवडत नाही. तरी 'द रेड' पूर्ण पाहिला. का, तर तो भिंतीमागचा प्रसंग. नायक जखमी सहकाऱ्याला घेऊन भिंतीमागच्या पोकळीत दडलाय. बाहेर कोयतेवाले खोलीची झडती घेतायत. एकजण संशय आला म्हणून भिंतीत कोयता खुपसतो आणि पातं नायकाचा गाल चिरत आत येतं. ते पातं परत बाहेर ओढलं जाताना तो त्यावरचं रक्त कापडाने पुसून घेतो, म्हणजे बाहेरच्याला ओल लागू नये. त्या अख्ख्या प्रसंगात कुणी कुणाला एक चापटसुद्धा मारत नाही. मी श्वास रोखून बसले होते.

रातवा

अगदी! हेच लिहायचं राहून गेलं. आणि त्याआधीच्या मारामाऱ्या आपण पाहिलेल्या असतात, म्हणूनच ते पातं इतकं लागतं. सापडला तर काय होईल हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं.

धोबीपछाड

म्हणजे मारामारी चांगली होती म्हणून तो प्रसंग चांगला झाला. माझंच म्हणणं सिद्ध केल्याबद्दल आभार.

ताईसाहेब

मी बरीच वर्षं ज्युडो शिकले, नंतर शिकवलाही. त्यामुळे थोडं तिरकं बोलते.

खरी मारामारी काही सेकंदांत आटोपते आणि दिसायला अगदी भिकार असते. दोघं एकमेकांचे कपडे धरून ओढतात, पडतात, खाली लोळतात. ती जशीच्या तशी दाखवली तर तिकिटाचे पैसे परत मागाल. तेव्हा 'खरं वाटलं पाहिजे' असं म्हणणाऱ्यांनी आधी खरं काय असतं ते बघावं. पडद्यावर जे असतं ते सवालजबाब. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने तोडायचा आणि तोडताना स्वतःचा टाकायचा. समोरचा शिकतोय हे दिसलं पाहिजे. पहिल्यांदा लागलेला फटका दुसऱ्यांदा लागला नाही पाहिजे.

याचा उत्तम नमुना म्हणजे २००५ च्या 'एसपीएल'मधली गल्ली. हाँगकाँगचा सिनेमा. डॉनी येनकडे पोलिसी दंडुका, वू जिंगकडे सुरा. हत्यारांची लांबी वेगळी, म्हणून दोघांना हवं असलेलं अंतर वेगळं. दंडुकेवाल्याला समोरच्याला लांब ठेवायचंय, सुरेवाल्याला आत घुसायचंय. संवाद जवळपास नाहीतच, पण कोण कधी अडचणीत आहे हे मार्शल आर्टचं ओ की ठो न कळणाऱ्यालाही समजतं. बंदूक का नाही, हे तिथे मला आठवलंसुद्धा नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नायकाला तीस जणांनी घेरलंय आणि एकोणतीस जण आपली पाळी येईपर्यंत मागे पाय नाचवत उभे. त्यापेक्षा अरुंद जागा बरी. गल्ली, जिना, बोळ. जागाच इतकी कमी असली की सगळ्यांना एकदम येताच येत नाही. चांगले दिग्दर्शक जागा अशी निवडतात, की हा प्रश्नच उपटत नाही.

कातरवेळ

ताईसाहेबांना +१. बोळ म्हटलं की 'ओल्डबॉय' आलाच. २००३, कोरियन. नायक हातोडा घेऊन, कॅमेरा बाजूने सरकतोय, जवळपास तीन मिनिटं कट नाही. त्यात मला आवडतं ते दमणं. पाठीत सुरा रुतलाय, हा आडवा पडलाय, आणि ज्यांनी पाडलं तेही गुडघ्यांवर हात टेकून हाशहुश करतायत. सगळ्यांचाच घाम निघालेला.

माझा मुद्दा कॅमेऱ्याचा आहे. तुम्ही दोघं कथा की कसब म्हणून भांडताय, पण दोन्ही असूनही संकलकाने वाट लावलेले कितीतरी सिनेमे आहेत. ठोसा निघाला, कट. चेहरा, कट. कुणीतरी पडलं. कुणी मारलं? देवाला माहीत. कॅमेरा गदागदा हलवला की नटाला लढता येत नाही हे झाकता येतं, म्हणून तो हलवतात. हाँगकाँगवाले याच्या उलट करत. कॅमेरा मागे घ्यायचा, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्यायची, फटका जोराचा असला तर तोच दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवायचा. लबाडी तेही करायचे, नाही असं नाही. सेकंदाला २४ ऐवजी २२ चौकटी (फ्रेम) चित्रित केल्या की पडद्यावर हालचाल किंचित वेगवान दिसते. कपड्यांवर पावडर भुरभुरायची, म्हणजे लाथ बसली की धुरळा उडतो. पण ही लबाडी फटका नीट दिसावा म्हणून होती. हलत्या कॅमेऱ्याची लबाडी तो दिसू नये म्हणून असते.

रातवा

कातरवेळ, शंभर टक्के मान्य. पण नीट दिसणं ही किमान अट झाली. अक्षर सुवाच्य असलं म्हणजे पत्र वाचनीय होतं असं नाही.

धोबीपछाड

आता माझा एक प्रश्न, धागाकर्त्याला. 'द रेड'चा दुसरा भाग, २०१४. अडीच तास. कथा चौपट. छुपा पोलीस, तुरुंग, दोन टोळ्या, बापलेकाचं वैर, भ्रष्ट अधिकारी. तुमच्या हिशेबाने तो पहिल्यापेक्षा चौपट रंजक व्हायला हवा. झाला का? लोकांना त्यातलं काय आठवतं? हातोडेवाली मुलगी, बेसबॉलची बॅटवाला, आणि शेवटी स्वयंपाकघरातली ती वाकड्या सुऱ्यांची लढत. बापलेकांची भानगड कुणाला आठवते? हात वर करा.

रातवा

हात वर नाही करत. तुमचा मुद्दा बरोबर आहे, दुसऱ्या भागात मधला तासभर मीसुद्धा चुळबुळत होतो.

पण मी 'जास्त कथा' म्हणालोच नव्हतो. पहिल्या भागाची कथा पोस्टकार्डावर मावेल. इमारतीत शिरले, अडकले, आणि मग कळलं की ही धाड वरिष्ठांना न सांगता घातलीय, म्हणजे मदतीला कुणीही येणार नाही. बस. पण हे कळल्यावर प्रत्येक जिना, प्रत्येक दार वेगळं दिसायला लागतं. मला एवढंच हवंय. लढत संपल्यावर काहीतरी बदललेलं असावं. कुणी मेला, काही कळलं, कुणी फुटला, काही हातातून गेलं. 'पोलीस स्टोरी' बघा, १९८५. शेवटच्या मॉलमधल्या हाणामारीत इतकी काच फुटली, की चित्रीकरणाच्या लोकांनी त्याचं नावच 'ग्लास स्टोरी' पाडलं होतं. पण जॅकी चॅन उगाच काचा फोडत नाहीये. पुराव्याची बॅग आहे. ती कुणाच्या हातात आहे, कुठल्या मजल्यावर आहे, याच्यामागे आपले डोळे धावत असतात. शेवटी तो दिव्यांच्या माळा फोडत खांबावरून खाली घसरतो, तेव्हा ती कसरत नसते. बॅग खाली आहे आणि हा वर आहे, एवढा साधा हिशेब असतो.

धोबीपछाड

तो खांब त्यांनी तीन कोनांतून लागोपाठ दाखवलाय हो. तिन्ही वेळा बॅग खालीच होती. तरी तीनदा का दाखवला असेल?

सांजसावली

😄 हा टोला बसला.

ताईसाहेब

खलनायकावर कुणी फार बोललं नाही. 'एसपीएल'चा सॅमो हंग. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, आणि तरी तो उठला की पोटात गोळा येतो. सिनेमा आधी त्याला बाप म्हणून दाखवतो. बायकोचे गर्भपात झालेले, मग उशिरा झालेलं मूल. (इथेही रसभंग आहे.) शेवटी तो डॉनी येनला खिडकीतून भिरकावतो आणि तो नेमका खाली उभ्या गाडीवर आदळतो, ज्यात याचीच बायको आणि बाळ आहे. जिंकला तो, आणि जिंकण्यानेच संपला. त्या लढतीतला एकेक डाव मी तांत्रिक नजरेने पाहिलाय, पण मनात राहिलं ते खिडकीतून खाली बघणारं त्याचं तोंड. तेव्हा रातवांच्या बाजूला माझं अर्धं मत. अर्धंच. कारण ती लढत कच्ची असती तर मी तिथपर्यंत पोचलेच नसते.

आडवातिडवा

मला एक कळत नाही, हे सगळे नायक इतके रडके का? बायको मेली, भाऊ मेला, कुत्रा मेला. कुणीतरी मेल्याशिवाय यांचा पाय उचलत नाही का? जॅकी चॅन हातावर फुंकर मारत लढतो, खुर्ची पायावर पडली तर ओरडतो. मजा मजा म्हणतात ती मला तिथे येते. अख्ख्या धाग्यात 'हसू' हा शब्द एकदाच आलाय, तोही घामाच्या जोडीला.

कातरवेळ

आडवातिडवा, मुद्दा चांगला आहे, पण वेगळा धागा काढा. इथे आधीच तीन बाजू झाल्यात.

सांजसावली

धोबीपछाड, सहज विचारते. तुमच्या त्या 'टॉम यम गूंग'मधल्या हत्तींचं शेवटी काय झालं? मी पाहिला नाहीये.

धोबीपछाड

दोन होते. एक बापहत्ती, एक पिल्लू. पिल्लू मिळतं. मोठ्याला मारून टाकलेलं असतं, त्याचा सांगाडा रत्नांनी मढवून दिमाखात उभा केलेला. तो दिसल्यावर टोनी जा आधी थिजतोच, मार खातो, हात उचलत नाही. लहानपणापासून त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला ना तो. आणि मग त्याच हत्तीची हाडं हातात घेऊन शेवटची लढत लढतो.

रातवा

खुंटी म्हणालात ना?

धोबीपछाड

गप्प बसा.