औंधला (जि. सातारा) मूकपट दाखवायचाय, प्रोजेक्टर आणि वेगाबद्दल मदत हवी आहे

दिवसा श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं बघायची आणि अंधार पडल्यावर खाली गावात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) दाखवायचा, असा बेत आहे. फाळके लोणावळ्याला रविवर्मा प्रेसमध्ये काम करत होते, म्हणून ही जोडी फार मनापासून जुळवायची आहे.

पडदा १२ × ९ फूट, म्हणजे ४:३. भाड्याचे प्रोजेक्टर १६:९ असतात. ९ फूट उंची मिळवायला प्रतिमा १६ फूट रुंद पाडावी लागते, म्हणून १.५ थ्रो रेशोला (प्रोजेक्टरचं अंतर भागिले प्रतिमेची रुंदी) अंतर २४ फूट हवं. पडद्याची १२ फूट रुंदी धरून हिशेब केला आणि प्रोजेक्टर १८ फुटांवर ठेवला तर चित्र जेमतेम ९ फूट रुंद येतं. शिवाय पाव उजेड दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांत वाया जातो.

१) सातारा, कऱ्हाड भागात ४०००-५००० लुमेनचा (उजेडाचं माप), लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) असलेला प्रोजेक्टर भाड्याने कुठे मिळेल? कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र डिजिटली चौकोनी करणं) वापरायचा नाही, कडा मऊ पडतात.
२) सेकंदाला १६ फ्रेमचं चित्रण २४ ने चाललं की माणसं दीडपट वेगाने पळतात. फाइल आधीच २४ ची असेल तर वेग ०.६७ करताना झटके कसे टाळता?
३) पडदा वाऱ्याने फुगतो. पाइपच्या चौकटीला रबरी दोरीने ताणणं पुरतं का?