शाळेच्या वरणात गावचीच तूर का नको? (आणि तिचे पैसे कोणी द्यायचे?)

बांधावरचा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पटावर साठ पोरं. मी पालक म्हणून व्यवस्थापन समितीत आहे. मागच्या बैठकीच्या मधातच पोषण आहाराची गाडी आली. आधी तांदूळ उतरला, मग डाळीचं पोतं. पोत्यावर पत्ता तिसऱ्याच जिल्ह्याचा. आणि शाळेच्या कुंपणाला लागून माझ्या चुलतभावाचं वावर, तूर शेंगांनी वाकलेली. बैठकीत काय ठरलं ते आता आठवत नाही, ते पोतं मात्र डोक्यातून जात नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. प्राथमिकच्या पोराला नियमाप्रमाणे रोज २० ग्रॅम डाळ. साठ पोरं, २२० दिवस, म्हणजे वर्षाला २६४ किलो. शंभर किलो तुरीची सत्तरेक किलो डाळ पडते. म्हणजे पावणेचार क्विंटल तूर झाली. आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत एका एकरात, साल बरं असलं तर, तेवढी होते. एका एकराच्या तुरीत सगळ्या शाळेची वर्षाची डाळ! आणि ती दोन-तीन जिल्हे फिरून येते.

माझं म्हणणं साधं आहे. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो, तो येऊ द्या. बाकी डाळ, तेल, भाजी, इंधन या सगळ्यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकला मुलामागे रोज ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये धरलेत, साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. त्यावर राज्याने मुलामागे दोन रुपये वेगळे द्यावेत आणि त्यातून तालुक्यात पिकलेलाच माल घ्यायचा. डाळ, ज्वारी, भाजी, अंडी. आमच्या शाळेला वर्षाचे २६,४०० रुपये होतात. गावातल्या एका सिमेंट रस्त्याच्या कडेला जेवढी वाळू वाया जाते, तेवढ्याचा हा खर्च.

बोला.

खडूफळा

भाऊ, मी आपल्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे, म्हणून राग मानू नका. तुमचा हिशेब कागदावर गोड आहे.

इंधन-भाजीपाल्याचे पैसे आज शाळेच्याच खात्यात येतात, आणि भाजी आजही आम्ही गावातूनच घेतो. म्हणजे तुम्ही मागता ती योजना भाजीपुरती चालूच आहे. कशी चालू आहे ते सांगतो. पैसे कधी दोन महिन्यांनी येतात, कधी चार. तोवर किराणा दुकानात उधारी माझ्या नावावर. दुकानदार दिवाळीला तोंडावर हसतो आणि मागून वही काढतो. साठ पोरांना रोज ५० ग्रॅम म्हणजे तीन किलो भाजी. तीन किलोसाठी कोणता शेतकरी फटफटी काढतो? तो आर्वीच्या बाजारात वीस कॅरेट एकदम देतो.

आता त्यात डाळ आणि अंडी टाका. पावती कोण देणार? तपासणीला आलेला माणूस दरपत्रकं मागतो, तीन. तुमचा चुलतभाऊ तीन दरपत्रकं आणून देईल का? रोजची हजेरी मोबाईलवर भरा, चव रजिस्टर लिहा, साठा जुळवा, आणि उरलेल्या वेळात शिकवा. मी मास्तर आहे की अडत्या, हे एकदा ठरवा.

बांधावरचा

गुरुजी, तुमचं खरं आहे, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. पैसे उशिरा येतात म्हणून गावचा माल नको, असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, पैसे आधी द्या.

खडूफळा

आधी द्या म्हणणारे तुम्ही एकटे नाही. मी १९९६ पासून म्हणतो आहे.

वैनगंगेकाठी

आमच्या गोंदियाकडून एक गंमत. आमचा धान पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत भावाने जातो, तिथून मिलमध्ये भरडाईला, तिथून सरकारी गोदामात. तिथून तो कुठल्या जिल्ह्यात जातो ते त्या पोत्यालाच माहीत. पुढे शाळेत तांदूळ येतो, आणि गावातली माणसं म्हणतात, 'हा परका तांदूळ आहे, यात प्लास्टिकचे दाणे आहेत.' दाणे प्लास्टिकचे नसतात, लोह-फॉलिक आम्ल घालून केलेले असतात, ते धुताना वर तरंगतात. पण सांगून कोण ऐकते. स्थानिक-स्थानिक म्हणताना एवढं लक्षात असू द्या, की माल आपलाच असला तरी आपला वाटत नाही.

गिरणीपट्टा

अकोल्यात डाळीच्या धंद्यात तीस वर्षं काढली. इथे सगळे शाळांना डाळ पुरवणाऱ्या ठेकेदाराला शिव्या घालतील, म्हणून मी दुसरी बाजू लिहितो.

तूर निघते डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीत. विदर्भातली शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडते. मधले पाच महिने ती तूर कुठे राहणार? डाळ करून ठेवली तर पावसाळ्यात सोंडे-किडे, तूर ठेवली तर भुंगा. शाळेत जी खोली असते तिच्यात एका कोपऱ्यात गळते आणि दुसऱ्या कोपऱ्यात उंदीर. आणि भाव? जानेवारीत पडलेला असतो, ऑगस्टमध्ये चढलेला. ठेक्यात वर्षभर एकच दर धरलेला असतो, चढ-उताराचा मार ठेकेदार खातो. तुमची शाळा तो खाईल का? ऑगस्टात भाव वाढला की शेतकरी म्हणेल, 'गुरुजी, यंदा राहू द्या.' मग पोरं काय खातील? आणि रोज तुरीची डाळही नसते. मूग, मसूर, मटकी, चवळी असं आलटून-पालटून असते. मसूर तुमच्या आर्वीत किती पिकते ते सांगा.

बचतगटवाली

दादा, तुमच्या प्रश्नातल्या अर्ध्याचं उत्तर अकोल्यातच आहे. पंजाबराव कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल. आमच्या गटाकडे यवतमाळ जिल्ह्यात ती आहे. आम्ही जानेवारीत तूर घेतो, वाळवतो, तेल-पाणी देऊन डाळ करतो. चुनी गाईढोरांना जाते, तिचेही पैसे होतात. साठवण कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. गेल्या तीन वर्षांत सोंड्यांनी एक पोतं खाल्लं, ते कबूल करते.

उरलेल्या अर्ध्यात तुमचं बरोबर आहे. मसूर आम्ही आणणार नाही. मूग-तूर देऊ. मग वर्षातले जेवढे दिवस तूर-मूग आहे तेवढेच दिवस गावचे धरा, हट्ट कशाला?

पण गुरुजी म्हणतात तेही खरं. आम्ही एका शाळेला एकदा डाळ दिली. पैसे शाळेकडून आले, बुडाले नाहीत, पण सात महिन्यांनी. गटात बारा बाया, प्रत्येकीच्या घरी नवऱ्याचे बोलणे. सात महिन्यांचे व्याज कोणी दिले? कोणी नाही. दोन रुपयांची योजना काढायची असेल तर पहिल्यांदा ते पैसे जानेवारीत खात्यावर पडायला हवेत, तूर घ्यायच्या वेळी. जुलैत पडलेले पैसे आमच्या काय कामाचे?

पुण्यातून यवतमाळकर

हा विचार काही जगावेगळा नाही. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्र जो पैसा देते त्यातला किमान तीस टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावरच खर्च व्हायला हवा. त्यासाठी नेहमीची निविदा बाजूला ठेवून थेट खरेदीची वाट करून दिली. म्हणजे गुरुजींच्या तीन दरपत्रकांचा प्रश्न कायद्यानेच मिटवला. आपल्याकडे ओडिशाने नाचणीसाठी थोडंफार तसं केलं, अंगणवाडीत नाचणीचे लाडू दिले. मग विदर्भाला काय झालं?

खडूफळा

पुणेकर, उलट्या बाजूचं उदाहरणही सांगा ना. अमेरिकेत शाळांना आसपासच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायला असाच वेगळा निधी होता. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पुढचा निधी एका फटक्यात रद्द केला, साधारण ६६ कोटी डॉलर. त्या भरवशावर ज्यांनी भाजी लावली होती त्यांचं काय झालं असेल? आणि लांब कशाला जाता. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं. ज्याला अंडं चालत नाही त्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा राज्याचा निधी थांबवला, म्हणाले लोकवर्गणीतून करा. आमच्या गावच्या एका पोराने त्या अंड्यांच्या भरवशावर दीडशे कोंबड्या घेतल्या होत्या. त्याला मी काय सांगू? 'वर्गणी काढतो, थांब'?

बांधावरचा

हे मला माहीत नव्हतं, त्या कोंबड्यांचं. वाईट वाटलं.

औषधाची चिठ्ठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. स्थानिक म्हणजे चांगलं, हे गृहीत धरू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, दवाखान्यांत खाटा पुरेनात. ज्या हातांनी कपाशी फवारतात त्याच बांधावर वांगी असतात. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली, तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. गावातल्या घरात फवारणीच्या औषधाचा डबा आणि तेलाचा डबा एकाच फळीवर असतो, हे मी रोज बघते. खरेदी विखुरली की तपासणार कोण?

बांधावरचा

सिस्टर, ठेक्याच्या डाळीतले औषधाचे अंश आमच्या शाळेत आजवर कोणी तपासले नाहीत. आमचा चुलतभाऊ काय फवारतो ते निदान मला दिसतं. पण डब्याच्या फळीचं तुमचं म्हणणं मी घरी जाऊन लगेच पाहिलं. आमच्याकडेही एकाच फळीवर होते. हलवले.

सोयाबीनचा मारलेला

मी सरळ विरोधात. तुम्ही सगळे डाळीचा हिशेब करत बसलात. २०२५-२६ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, तुरीचा ८,०००. बाजारात आम्हाला काय मिळालं ते घरोघर माहीत आहे. गावात हजार एकर असेल तर शाळा एका एकराचा माल घेणार आणि फोटो काढणार. 'गावचा माल गावच्या लेकरांना', वर आमदाराचं तोंड. उरलेल्या ९९९ एकरांचं काय? दोन रुपये द्यायचेच असतील तर खरेदी केंद्र वेळेत उघडण्यावर घाला. मला ही योजना म्हणजे जखमेवर हळदीचा टिळा वाटते, लेपही नाही.

बांधावरचा

भावाचा प्रश्न यातून सुटणार नाही, हे मान्य. मी तसं म्हटलंही नाही. मी पोरांच्या ताटाबद्दल बोललो. पण तुमचं बोलणं लागलं, कारण मनात कुठेतरी मीही शेतकऱ्याच्याच फायद्याचं मोजत होतो. पोरांना काय हवं ते कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा.

पाचवी ब

माझी आई शाळेत स्वयंपाकी आहे. तिला वाचता येत नाही, मी सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली ते तिच्याच बोलीत लिहिते:

'ज्वारीची भाकर कोन थापन? पोरामागं एक धरली तरी साठ भाकरी झाल्या, अन् आमी दोघीच. अडीच हजार महिना भेटते, ते बी दहाच महिने. अंबाडीची भाजी आनली तं निसाले घंटा लागते. वावरातली भाजी मातीसकट येते, धुवाले पानी कुठचं, नळ दोन दिसाआड येते. मले काही गावच्या मालाचं वावडं नाही. मागच्या साली परसबागेतले वांगे शिजवले, पोट्ट्यायनं वाट्या चाटल्या. दाय मात्र गावची आना. गाडीतून येते ते दाय शिजता शिजत नाही, अर्धं शिलिंडर तिच्यातच जाते. अन् दोन रुपये वाढवता तं त्यातले आठ आने आमचे बी धरा म्हनाव.'

(शेवटचं वाक्य ती हसत म्हणाली, पण लिही म्हणाली.)

गिरणीपट्टा

आईंना सांगा, डाळ शिजत नाही याची दोन कारणं असतात. डाळ जुनी असेल किंवा पाणी जड असेल. आर्वीकडचं बोअरचं पाणी जड असणारच. भिजवून टाका, अर्धा तास. मात्र जुनी डाळ येत असेल तर त्यात ठेकेदाराचा दोष आहे, हे मी इथे लिहितो, आणि आमच्या धंद्यातले मला काय म्हणतील ते म्हणोत.

खडूफळा

स्वयंपाकी बाईंचे आठ आणे मला सगळ्यात आधी मान्य.

बांधावरचे भाऊ, एक तडजोड. भाजी, ज्वारी, अंडी सोडा. फक्त तूर, एकाच बचत गटाकडून, वर्षाला एकदा, एकच पावती. पैसे जानेवारीत शाळेच्या खात्यावर असतील तर मी सही करतो. नसतील तर माझ्या नावावर आणखी एक उधारी मी चढवणार नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत.

बांधावरचा

ठीक. पुढच्या बैठकीत ठराव मांडतो, आपल्या समितीचा नि ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायत पहिल्या वर्षाचे पैसे उचलून देते का ते बघू. सरपंच माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून ते काम गुरुजींचं.

बचतगटवाल्या ताई, रोज तुरीचीच डाळ नाही म्हटल्यावर दोनेक क्विंटलच तूर लागेल. तुमची मिल दोन क्विंटलसाठी चालवाल का? की कमीत कमी किती लागते?

बचतगटवाली

दोन क्विंटलला चालवते. पण वाळवून आणा. मागल्या साली एकानं ओलीच आणली आणि आख्खी दुपार मिल अडकून बसली.