दहा पैशांतला काळ

व्यक्तिचित्रांची नाणी सर्वांत संग्राह्य, हे आपले मत मला समजते. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी दोन रुपयांचे नाणे सुट्या पैशांत हाती आले, की आजही मी हरखतो. तरीही माझा जीव रमतो तो सत्तर-ऐंशीच्या दशकांतील, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या विषयांवरील नाण्यांच्या मालिकेत. १९७४ चे कुटुंबनियोजन, १९७९ चे बालकवर्ष, १९८० ची ग्रामीण स्त्रियांची प्रगती, असे विषय अॅल्युमिनियमच्या हलक्या, नागमोडी कडेच्या दहा पैशांवर उमटून घरोघरी पोहोचले होते. ही नाणी पाहताना वर्षाखालची खूण अवश्य तपासावी. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीचे. आणि कृपया ती घासून चकचकीत करू नयेत. त्याने मूळ पृष्ठभाग कायमचा जातो.