शब्दचर्चा: नोरोव्हायरसची 'रॅपिड टेस्ट' आणि 'निगेटिव्ह'

प्रश्न: उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूच्या रॅपिड टेस्टबद्दल रुग्णांसाठी एक पत्रक मराठीत करते आहे. 'रॅपिड'ला शीघ्र, जलद की तात्काळ? आणि 'निगेटिव्ह'ला 'नकारात्मक' लिहावं का? 'अहवाल नकारात्मक आला' वाचलं की काहीतरी वाईट बातमी आहे असंच वाटतं.

प्रतिसाद: 'जलद चाचणी' लिहा. निकाल दिसायला साधारण पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे 'तात्काळ' नको. 'शीघ्र' चूक नाही, पण ते शीघ्रकवी, शीघ्रकोपी अशा जोडशब्दांतच जास्त रुळलंय. 'नकारात्मक' मात्र अजिबात नको. विचार नकारात्मक असतात. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि हे सगळ्यांना कळतं.

मला जास्त काळजी आहे ती त्यापुढच्या वाक्याची. 'निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही' असं कृपया लिहू नका. ही चाचणी एका पट्टीवर होते. पट्टीवरची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नमुन्यातल्या विषाणूची प्रथिनं पकडतात, तेव्हा रेघ उमटते. विषाणू कमी असेल तर ती उमटत नाही. शिवाय नोरोव्हायरसचे प्रकार पुष्कळ, सगळेच पट्टीला सारखे सापडत नाहीत. म्हणून 'नमुन्यात विषाणू आढळला नाही. तरी संसर्ग असू शकतो' असं लिहा. पॉझिटिव्ह निकालावर त्या मानाने जास्त भरवसा ठेवता येतो.

प्रश्नकर्ती: हे फार उपयोगी पडलं. मग 'संवेदनशीलता' आणि 'विशिष्टता' हे शब्द ठेवू का?

प्रतिसाद: लेखात ठेवा, पत्रकात उलगडून सांगा: संवेदनशीलता म्हणजे 'खरोखर संसर्ग असलेल्या शंभरातल्या किती जणांना चाचणी ओळखते', आणि विशिष्टता म्हणजे 'संसर्ग नसलेल्या शंभरातल्या किती जणांना ती निगेटिव्ह दाखवते'. 'संवेदनशील चाचणी' वाचून लोकांना ती नाजूक वाटते.

आणखी एक शब्द लागेल: 'बाद'. पट्टीवर 'सी' (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालली का ते दाखवणारी) आणि 'टी' (टेस्ट, म्हणजे विषाणू सापडला का ते दाखवणारी) अशा दोन जागा असतात. 'सी'समोर रेघच आली नाही, तर तो निकाल निगेटिव्ह नव्हे. चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची. 'अवैध' म्हटलं की कायदेभंग आठवतो.

दुसरा प्रतिसाद: नाव 'नोरोव्हायरस'च राहू द्या. ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावावरून आलंय. १९६८ मध्ये तिथल्या शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली होती, आणि १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला.

प्रश्नकर्ती: 'शौचाचा नमुना' लिहिते आहे. आरटी-पीसीआरबद्दल काय लिहू?

प्रतिसाद: ती प्रयोगशाळेतली चाचणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते, त्यामुळे अगदी थोडा विषाणूही सापडतो. पण बरं वाटल्यावरही तो काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहू शकतो. म्हणून तिथे 'पॉझिटिव्ह'चा अर्थ 'विषाणू सापडला' इतकाच द्या. आत्ताचे जुलाब त्यानेच झाले का, हे डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतात. साथीत एकाच माणसाच्या नमुन्यावर विसंबत नाहीत, अनेकांचे नमुने घेतात. जलद चाचणीत निगेटिव्ह आलेले पीसीआरला पाठवतात. आणि पत्रकात हेही ठळक येऊ द्या: निकाल काहीही येवो, हात साबण-पाण्यानेच धुवा, नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.