पिसवा पुन्हा पुन्हा का होतात? कुत्रा, मांजरे, घर आणि परसू यांचा एकत्र बंदोबस्त

प्रश्न : जुईचा वेल (संगमेश्वर तालुका)

नमस्कार. आमचे घर जुने, कौलारू आहे. पुढे पडवी आणि जांभ्याच्या पायऱ्या, मागे परसू, आणि परसात एक गोठा आहे. गोठ्यात आता गुरे नाहीत, फक्त लाकूडफाटा आणि नारळाची सोडणे रचलेली असतात. घरात मोत्या हा चार वर्षांचा, अठरा किलो वजनाचा कुत्रा आहे आणि दोन मांजरी आहेत. त्यांपैकी एक व्यालेली असून तिची तीन पिल्ले साधारण चार आठवड्यांची आहेत.

पाऊस सुरू झाल्यापासून घरात पिसवांनी कहर केला आहे. मोत्याला गोचिडांच्या साबणाने तीन वेळा आंघोळ घातली. दोन दिवस बरे वाटते आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे होते. शेपटीच्या मुळाशी त्याने खाजवून आणि चावून केस काढले आहेत. माझ्या मुलाच्या घोट्यांभोवती लाल गांधी उठल्या आहेत. लादी रोज फिनेलने पुसते, परंतु मागच्या दोन खोल्यांची जमीन शेणाने सारवलेली आहे, तिथे काय करावे ते कळत नाही. कोणी रॉकेल लावायला सांगतात, कोणी डांबरगोळ्या अंथरुणात ठेवायला सांगतात. मोत्यासाठी आणलेली गोचिडांची पावडर मांजरींना चालेल का? परसात काय फवारावे? सासूबाईंचे म्हणणे आहे की पिल्ले दुसरीकडे नेऊन सोडावीत म्हणजे पिसवा जातील. पिल्ले इतकी लहान आहेत की मला ते करवत नाही. कृपया नीट मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य (कोल्हापूर)

ताई, पिल्ले मुळीच सोडू नका. ती गेली तरी तुमच्या पिसवा जाणार नाहीत, कारण त्या पिल्लांवर कमी आणि घरात जास्त आहेत. हे एकदा नीट समजले की पुढचे सगळे काम सोपे होते, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

कुत्र्यांवर आणि मांजरांवर दोघांवरही बहुधा एकाच वंशाच्या पिसवा आढळतात. मोठी पिसू जनावराच्या अंगावर चढली की काही मिनिटांत रक्त पिऊ लागते, दिवस-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात असताना एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत, पांढरी, अर्ध्या मिलिमीटरची असतात. उवांच्या लिखांसारखी ती केसांना चिकटून राहत नाहीत, जनावर जिथे झोपते, अंग झटकते, उडी मारून उतरते तिथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून पळतात आणि भेगांत, गोधडीच्या घड्यांत, पोत्याखाली शिरतात. तिथे मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त, खाऊन त्या वाढतात आणि शेवटी रेशमासारखा कोश विणतात. त्या कोशाला आजूबाजूची धूळ चिकटते, त्यामुळे तो समोर असूनही दिसत नाही. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या वीस भागांतला एक भाग असतात असे आम्ही ढोबळ मानाने धरतो. सत्तावीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि भरपूर दमट हवा हे त्यांना सर्वांत मानवते, म्हणजे कोकणातला पावसाळा. अशा हवेत अंड्यापासून पिसवेपर्यंतचा फेरा तीन आठवड्यांतही पुरा होतो.

आता तुमच्या साबणाचे. साबणाने त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, पण साबण धुऊन गेला की अंगावर औषध उरत नाही, आणि कोशातून रोज नव्या पिसवा बाहेर पडत असतात. मुलाच्या घोट्याला चावलेली पिसूही बहुतेक मोत्याच्या अंगावरून उतरलेली नसून नुकतीच कोशातून निघालेली असते, कारण एकदा जनावर मिळाले की ही पिसू सहसा ते सोडत नाही. तिला पंख नसतात, ती जमिनीवरून जेमतेम वीतभर उंच उडते, म्हणून चावे घोट्यांवरच दिसतात.

प्रथम खात्री करा. ओल्या पांढऱ्या कागदावर मोत्याला उभे करून शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण पडतील. पाण्यात त्यांच्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, नुसती माती असेल तर तसा डाग पडत नाही.

उपचार घरातल्या सर्व जनावरांवर एकाच दिवशी सुरू झाला पाहिजे. मोत्याला वजन करून त्यानुसार फिप्रोनिलचे थेंब किंवा तोंडावाटे द्यायची फ्लुरालेनरसारखी गोळी देता येते. त्या गोळीचा पिसवांवरचा परिणाम सुमारे बारा आठवडे टिकतो. मात्र त्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण या वर्गातल्या औषधांबाबत तशी सावधगिरी बाळगावी लागते. थेंब टाकायचे असतील तर मानेच्या मागे केस दुभंगून कातडीवर टाका, केसांवर नव्हे, आणि आधी व नंतर दोन-दोन दिवस आंघोळ घालू नका. मांजरींना फक्त मांजरांसाठीचेच औषध. दूध पाजणाऱ्या मांजरीला सेलामेक्टिनसारखे चालणारे औषध असते, ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. चार आठवड्यांच्या पिल्लांना मनाने कोणतेही औषध लावू नका. त्यांना रोज फणीने विंचरा आणि सापडलेल्या पिसवा भांड्यातल्या साबणाच्या पाण्यात बुडवा, नखावर चिरडू नका. पिल्लांच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नका. एवढ्याशा जिवाला पिसवांनी रक्त कमी होऊन मरण येऊ शकते, आणि अशी पिल्ले मी हाताळली आहेत.

आणखी एक. पिसू गिळली गेली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर प्राझिक्वान्टेलचे जंतनाशक द्यावे लागेल.

रॉकेल कातडी भाजते आणि जनावराने चाटले तर फुप्फुसांपर्यंत जाते. डांबरगोळ्या मांजरांना विषारी आहेत. फिनेलची ओली लादी मांजर पायांनी तुडवते आणि मग ते पाय चाटते. हे तिन्ही बंद करा. जेवणातून लसूण देण्याचा सल्लाही कोणी देईल, तोही मानू नका. लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

उत्तर : तुळशीकट्टा (सातारा)

पावडरीबद्दल डॉक्टरांनी लिहिलेच आहे, पण जे प्रत्यक्ष पाहिले ते सांगणे मला गरजेचे वाटते. माझ्या शेजारच्या काकूंनी कुत्र्यासाठी आणलेल्या परमेथ्रिनच्या थेंबांतले अर्धे मांजरीला लावले. कुत्र्याला चालते ते निम्मे मांजराला चालेल, असे त्यांना दुकानात सांगण्यात आले होते. संध्याकाळी लावले आणि रात्री मांजर दिव्याखाली थरथरत पडलेले होते. कान आणि मिशा एकसारख्या उडत होत्या, मग सगळे अंग आखडू लागले. आम्ही कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने तिची मान धुतली, टॉवेलात गुंडाळले आणि तसेच दवाखान्यात नेले. तीन दिवस सलाईनवर राहून ती वाचली. मांजराच्या यकृताला हे औषध फोडून बाहेर टाकता येत नाही, असे तेव्हा आम्हाला समजले. कृपया डबीवरचे घटक वाचा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ यांपैकी काहीही लिहिलेले असेल तर ते मांजराच्या अंगाला लागता कामा नये. मोत्याला तसले काही लावलेच तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजरी त्याच्या कुशीत झोपणार नाहीत हेही पाहावे लागेल.

उत्तर : कोनाडा (मूळ गाव राजापूर, मुक्काम डोंबिवली)

आमचे गावचे घर वर्षातून आठ-नऊ महिने बंद असते. एका वर्षी गणपतीला आम्ही दार उघडले, ओटीवर सामान ठेवले, मुले आत धावली आणि दोन मिनिटांत सर्वांचे पाय काळ्या ठिपक्यांनी भरले. मुलीचे पांढरे मोजे मी हाताने झटकत होतो आणि ठिपके उडून पुन्हा मोज्यांवरच येत होते. घरात कुत्रा नव्हता, मांजर नव्हते. उन्हाळ्यात एक भटकी मांजर माळ्यावर व्याली होती आणि पिल्ले घेऊन केव्हाच निघून गेली होती, एवढेच.

कोशातली पिसू महिनोन् महिने न खातापिता थांबू शकते आणि जमिनीचा हादरा, अंगाची ऊब व श्वासाची हवा लागताच बाहेर पडते, हे नंतर वाचले तेव्हा त्या दिवशीचा उलगडा झाला. जी गोष्ट आमच्या अंगावर आली तिचाच उपयोग ताईंना करून घेता येईल. पहिल्या आठवड्यात त्या दोन खोल्या बंद ठेवू नका. उलट तिथे वावर ठेवा, दिवसातून दोनदा झाडा, शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा. हादऱ्याने कोश फुटतात, पिसवा बाहेर येतात आणि औषध दिलेल्या मोत्यावर चढून मरतात. गोधड्या, पोती आणि मांजरींची फडकी साठ अंशांच्या कडकडीत पाण्यात धुवा, चुलीवर तापवलेले चालेल. जुनी पोती तर मी जाळून टाकली. सारवलेल्या जमिनीच्या भेगा आधी ताठ खराट्याने कोरून झाडाव्यात, मातीने बुजवाव्यात आणि मगच सारवावे. नुसते वरून सारवले तर भेगा आतून तशाच राहतात.

जुईचा वेल

सर्वांचे मनापासून आभार. कागदाची परीक्षा केली, कागद अक्षरशः विटकरी झाला. मोत्याला गोळी दिली, दोन्ही मांजरींना डॉक्टरांनी दिलेले थेंब लावले, आणि पिल्लांना रोज सकाळी मांडीवर घेऊन विंचरते. पहिल्या दिवशी तिघांच्या मिळून एकसष्ट पिसवा निघाल्या. पहिले दोन आठवडे खूप फरक वाटला, पण आज अठराव्या दिवशी मागच्या खोलीत पुन्हा पुष्कळ पिसवा दिसत आहेत. औषध लागू पडले नाही का? बदलून घ्यावे का? आणि परसाचे काय करावे?

उत्तर : निवृत्त पशुवैद्य (कोल्हापूर)

औषध बदलू नका. उपचारापूर्वी पडलेली अंडी आता कोशापर्यंत पोहोचून फुटत आहेत, आणि कोशाच्या आतल्या पिसवेला मारील असे कोणतेही भरवशाचे फवारणीचे औषध आपल्याकडे नाही. पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेला फवारा अंडी आणि अळ्या यांची वाढ रोखतो, कोशावर त्याचाही परिणाम होत नाही. असा फवारा मिळाला तर मांजरांना आणि मुलाला बाहेर ठेवून भेगांत, कोपऱ्यांत आणि पलंगाखाली मारा, आणि पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत घ्या. आता मोत्याच्या अंगावर नीट पाहा. तिथे सापडणाऱ्या पिसवा लुळ्या पडलेल्या किंवा मेलेल्या असतील तर सर्व ठीक चालले आहे. असे दोन ते तीन महिने जातात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात धीर सोडतात आणि त्यामुळेच पिसवा जिंकतात.

उत्तर : माडाची सावली (सावंतवाडी)

परसाबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडेही गोठा होता. सगळ्या परसात फवारणी करू नका. उघड्या अंगणातल्या उन्हात अळ्या जगत नाहीत, त्यांना सावली, ओल आणि जनावराची नेहमीची बैठक या तिन्ही गोष्टी लागतात. म्हणून दोन दिवस मोत्या आणि मांजरी कुठे कुठे बसतात एवढेच पाहा. आमच्याकडे अशा चारच जागा निघाल्या : पायऱ्यांखालची पोकळी, पाण्याच्या टाकीमागची जागा, चिकूच्या बुंध्याशी कुत्र्याने उकरलेला खड्डा आणि गोठ्यातल्या सोडणांचा ढीग. तुमच्याकडेही सोडणांचा ढीगच मुख्य असेल असे मला वाटते, कारण व्यालेल्या मांजरीला त्याहून उबदार जागा मिळत नाही. ढीग पूर्ण उपसा, उघडीप मिळेल त्या दिवशी सोडणे पसरून वाळवा, खालचा पालापाचोळा आणि वरवरची माती काढून टाका, आणि पुन्हा रचताना दगडांवर फळ्या टाकून हातभर उंच रचा म्हणजे खालून वारा खेळेल. खड्डा बुजवा. पायऱ्यांखाली मांजर शिरणार नाही असा दगड लावा. चुना पसरू नका, जनावरांच्या पंजांना आणि जिभेला तो भाजतो. गुरांच्या गोठ्यात मारतात ते सायपरमेथ्रिन मांजरींच्या घरात नकोच, आणि विहिरीजवळ तर मुळीच नको, कारण ते माशांना फार विषारी आहे. पूर्वीच्या गॅमेक्सिन पावडरीवर आता बंदी आहे. जुना डबा कुठे पडलेला असेल तर तो उघडू नका.

गोठ्यात उंदीर असतील तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. विष घालून उंदीर आधी मारले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधत बाहेर पडतात. उंदरांच्या पिसवा निराळ्या जातीच्या असतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तो याच वाटेने, उंदीर मेले आणि त्यांच्या पिसवा माणसांकडे वळल्या. आज तुमच्याकडे तशी भीती आहे असे मी म्हणत नाही, पण उंदीरही पिसवांमधून ताप देऊ शकतात, म्हणून आधी ढीग हलवा, पिसवांचा बंदोबस्त करा आणि मग उंदरांकडे वळा. आणि ढीग हलवताना पूर्ण पायांचे कपडे घाला, पायजम्याची टोके पांढऱ्या मोज्यांत खोचा. चढलेल्या पिसवा मोज्यावर लगेच दिसतात.

जुईचा वेल

दहा आठवडे झाले, म्हणून कळवते. सोडणांचा ढीग हलवला तेव्हा तळाशी मांजरीने केलेली केसांची गादी होती आणि तिच्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. सासूबाईंनी स्वतः ती फावड्याने उचलून चुलीत घातली. पाचव्या आठवड्यापासून चावे कमी झाले. आता रात्री मागच्या खोलीत दिव्याखाली ताटात साबणाचे पाणी ठेवते, म्हणजे उरलेल्या पिसवांचा अंदाज येतो. पहिल्या रात्री ताटात तेवीस होत्या, गेल्या नऊ रात्रींत एकही नाही. मोत्याच्या शेपटीशी बारीक लव आली आहे. मोठ्या झालेल्या पिल्लांनाही परवा डॉक्टरांनी वजन करून त्यांचे पहिले थेंब लावले. दोन पिल्ले आमच्याकडेच राहणार आहेत, तिसरे सासूबाईंच्या बहिणीने मागितले आहे. मोत्याची पुढची गोळी दोन आठवड्यांनी द्यायची आहे, ती आणून ठेवली आहे.