मदत हवी आहे: कोलाज आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये पांढरा खिल्लार कसा जमवायचा?

मामांच्या सर्जाचं (खिल्लार बैल) चित्र बेंदराच्या आत करून द्यायचंय. १६ × २० इंची एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घेतलाय. अंग कागदाच्या तुकड्यांचं आणि तोंड, डोळे, शिंगं अ‍ॅक्रिलिकची, असा बेत आहे. कागद मुद्दाम त्यांच्याच घरातले घेतलेत: सातबाऱ्याची झेरॉक्स, पेपरमधले बाजारभाव, जुन्या कॅलेंडरची पानं. झुलीला लग्नपत्रिका आणि मामीच्या इरकलीचा काठ. (काठ मामीनेच कापून दिला, माझी काय टाप होती!)

पुठ्ठ्यावर नमुना करून बघितला आणि तिथेच गाडी अडली. सर्जा आटपाडीकडचा, जवळजवळ पांढराशुभ्र. कागदावर पांढरा रंग फिरवला की अक्षरं गडप, मग कोलाज केलं काय न केलं काय. रंग नाही लावला तर लांबून मळकट बैल दिसतो. मामा आधी रंगच बघणार. "ह्यो आपला न्हवं" म्हणाले की संपलं.

शिवाय फेविकॉलमध्ये पाणी घालून चिकटवलेला पेपर सुरकुततो, आणि पत्रिकेच्या सोनेरी भागावरचा रंग नखाने निघतो. व्हिडिओंमध्ये सगळे काळी-तपकिरी कुत्री करतात. पांढरं जनावर कुणी केलंय का?

प्रतिसाद १
पांढऱ्या रंगाला हात लावण्याआधी पार्श्वभूमी गडद करून टाका. ओल्या काळ्या मातीसारखी किंवा गडद निळी. तुमचा मळकट बैल निम्मा तिथेच उजळेल.

मग कागदांची वर्गवारी करा. दाट, बारीक छपाईचे तुकडे (बाजारभाव) सावलीत: पोटाखाली, वशिंडाच्या मागे, गळ्याच्या पोळीच्या घड्यांत. कॅलेंडरचे मोकळे, जास्त पांढरे तुकडे पाठीवर आणि कपाळावर. डोळे बारीक करून बघा, रंगाविनाच बैलाचा आकार उठला पाहिजे. तो उठला नाही तर वरून कितीही रंग फासा, उपयोग नाही.

टायटॅनियम व्हाइट सगळं झाकतो, अक्षरं त्यानेच गेली. झिंक व्हाइट अर्धपारदर्शक असतो. तो मॅट मीडियममध्ये (अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळायचं बिनरंगी, बिनचमकीचं द्रावण) पातळ करून एकेक हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. टायटॅनियम फक्त नाकाडावरच्या आणि पाठीच्या कडेवरच्या उजेडाला.

प्रतिसाद २
सुरकुत्यांबद्दल: कागद पाणी पिऊन पसरतो, बोर्ड पसरत नाही, म्हणून फुगे येतात. कागद आधीच ओलसर करून मिनिटभर पसरू द्या, मग बोर्डावर गोंदाचा पातळ थर देऊन मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या. तुकडे लहान ठेवा. एमडीएफच्या मागच्या बाजूलाही प्रायमर द्या, पावसाळ्यात नाहीतर वाकडा होतो.

पेपरची कात्रणं थेट लावू नका, वर्षभरात पिवळी पडतील. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून लावा. इंकजेट प्रिंट नको, तिची शाई पाण्याने पसरते.

धागाकर्ती
झिंक व्हाइट डोक्यातच नव्हता, उद्याच आणते. कॅलेंडरचे तुकडे वेगळे काढले, पाठीला पुरतील. सोनेरी पत्रिका आणि काठाचं काय करू?

प्रतिसाद १
सोनेरीवर रंगवताच कशाला? बेंदराला शिंगांना बेगड लावतातच की! पट्ट्या कापून शिंगांवर चिकटवा, टोकाला शेंब्याही (शिंगांवरची टोपणं) त्याच्याच. रंगवायचंच असेल तर बारीक पॉलिश पेपर मारून प्रायमर द्या. काठाला फेविकॉल पाणी न घालता लावा, नाहीतर कापडातून वर येऊन डाग पडतो.

आणि डोळ्याची बाहुली गोल काढू नका, बैलाची आडवी असते.